शेरीफचा पट्टा

शनिवारी सकाळी आत्माराम खांबेटे लेकीच्या गाडीत बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर पंचात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर होतं. लाकडी. त्यांचे जुने सहकारी राजाभाऊ यांनी अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमधून ते करवून आणलं होतं. सागाचा तुकडा, वर काळा रंग आणि नळीचं टोक तेवढं लालभडक. खोटं आहे हे लांबून कळावं म्हणून नाटकाच्या हॉलवाल्यांनी तशी अटच घातली होती.

"वाटेत पोलिसांनी थांबवलं तर काय सांगायचं?" सुरुचीने विचारलं.

"सांगायचं, शेरीफ आहे. ड्यूटीवर निघालाय."

"बाबा, शारजाच्या रस्त्यावर असले विनोद नको हं."

"बरं. मग सांगू, लाकूड आहे. वाटल्यास चावून दाखवतो."

सुरुची हसली आणि तिने गाडी दुबईतल्या अल कुसैसच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला काढली. सुट्टीचा दिवस, रस्ता मोकळा. मागे बाल्कनीत सुरुचीची आई, कुमुदताई, उभी होती. तिने वरूनच ओरडून बजावलं होतं, "चामड्याचं काय ते आणाल ते देव्हाऱ्याच्या खोलीत नको! आधीच सांगते!"

फुजैऱ्याच्या तेलबंदरावर उभा जन्म घालवलेला हा माणूस निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आला आणि मराठी मंडळाच्या नाटकांत शिरला. आधी पडदा ओढणारा, मग दुसऱ्या अंकातला पोस्टमन, आणि यंदा एकदम नायक. नाटक लिहिलं होतं नीलेशने. हा दिवसभर लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात कंटेनर मोजायचा आणि रात्री नाटकं लिहायचा. या नाटकात अमेरिकेतला एक शेरीफ चुकून महाराष्ट्रातल्या एका तालुक्याला बदलून येतो. प्रत्येक प्रवेशात तो रिव्हॉल्व्हर काढायला जातो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी आडवं येतं. कोणी चहा आणतं, कोणी उत्पन्नाचा दाखला मागतं, कोणी नुसतंच "साहेब, बसा की" म्हणतं. शेवटच्या प्रवेशात मात्र तो रिव्हॉल्व्हर काढतो.

तालमी कापडी पट्ट्यावर चालल्या होत्या. पण कापडातून रिव्हॉल्व्हर निघताना पट्टाच वर यायचा. नीलेशचं म्हणणं पडलं की शेरीफला खरा चामड्याचा पट्टा हवा, जाड, रिव्हॉल्व्हर खोचायच्या होल्स्टरसकट, सिनेमात असतो तसा. असा पट्टा मिळणार कुठे? शेवटी सुरुचीनेच शोधून काढलं. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, शोधणं हा तिचा धंदाच. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात घोड्यांची खोगिरं दुरुस्त करणारं एक दुकान होतं आणि तिथे सांगाल ते चामड्याचं काम करून मिळायचं.

दुकान म्हणजे एक लांबट शेड होती. आत तेलाचा आणि कातड्याचा वास इतका दाट की सुरुचीला दारातच थांबावंसं वाटलं. खुंट्यांवर लगाम, कोपऱ्यात उलटी ठेवलेली खोगिरं, आणि मधोमध स्टुलावर, मांडीवर एक खोगीर घेऊन खैरुन्निसा बसलेली. कानपूरची बाई. साठीला टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कारखान्यातल्या भोंग्यासारखा.

"किसका नाप है?"

"इनका," सुरुची म्हणाली.

खैरुन्निसाने आत्मारामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चाचाजी, शादी में जा रहे हैं कि जंग में?"

"नाटक में," बाबा म्हणाले. "मैं शेरीफ है."

"माशाअल्ला. कमर बोलिए."

"अडतीस."

"वो पतलून की है. ये पट्टा कमर पर नहीं, कूल्हे पर बैठता है. हाथ ऊपर." बाई उठली आणि तिने टेप त्यांच्याभोवती तिरपी फिरवली, एका बाजूने खाली उतरवत. "बयालीस."

"बेचाळीस?" बाबांनी सुरुचीकडे असं पाहिलं, जणू तिनेच ते वाढवले होते.

"चाचाजी, बंदूक भी तो लटकेगी."

मग निवडानिवड सुरू झाली. बाबा असे रमले की विचारू नका. चामडं काळं की तपकिरी? तपकिरी. कुठलं तपकिरी? हे गुळासारखं, की हे चहासारखं? त्यांनी दोन्ही तुकडे दाराशी नेऊन उन्हात पाहिले. गुळासारखं ठरलं. वर फुलांची नक्षी ठोकायची की साधं ठेवायचं?

"फुलं," बाबा म्हणाले.

"साधं बरं दिसेल," सुरुची म्हणाली.

"अगं, शेरीफ आहे, तलाठी नव्हे."

शेवटी काठाला तेवढी वेल ठरली. मागच्या बाजूला गोळ्या अडकवायची लहान घरं हवीत का? हवीत. गोळ्या नाहीत तर त्यांत काय ठेवणार? "बडीशेप," बाबा म्हणाले, आणि खैरुन्निसाला मराठी कळत नसूनही ती हसली, कारण ते स्वतःच इतके हसत होते. धावताना रिव्हॉल्व्हर पडू नये म्हणून त्यावरून ओढायची बारीक दोरी. होल्स्टर हलू नये म्हणून मांडीला बांधायची लांब वादी. बक्कल पितळी.

"महागात जाणार," सुरुची पुटपुटली. "साडेतीनशे दिरहम म्हणजे आठ हजारांच्या वर."

"मंडळ देणार आहे. तू कशाला रुपये करत बसतेस?"

"अब असली बात," खैरुन्निसा म्हणाली. तिने टेबलावर दोन जुनी होल्स्टर शेजारी शेजारी ठेवली. "निकालेंगे किस हाथ से? ये जूते जैसा है. बायाँ दाएँ में नहीं जाता."

लाकडी रिव्हॉल्व्हर टेबलावर पंचावर पडलेलं होतं. त्याच्याजवळ बाबांचा डावा हात होता, बोटं किंचित वळलेली, आत्ता उचलणार अशी. बाबांनी सुरुचीकडे पाहिलं.

सुरुची नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. फुजैऱ्याला समुद्रकाठी संध्याकाळी आई वाळूत चादर अंथरत होती आणि बाबा पुढे पाण्याजवळ एकटेच उभे होते. सुरुची त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. ते चपटे दगड पाण्यावरून फेकत होते, डाव्या हाताने. दगड टप्पे घेत घेत इतका लांब जायचा की दिसेनासा व्हायचा. तिने आपल्या वडिलांना इतकं सुंदर काही करताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांना चाहूल लागली. त्यांनी वळून पाहिलं, दगड उजव्या हातात घेतला आणि फेकला. डुबुक झालं. "वारा उलटा आहे आज," ते म्हणाले. "हो," सुरुची म्हणाली.

पुढे सांगलीला एका लग्नात आत्याने सहज सांगितलं. आजोबा पौरोहित्य करणारे, कडक. लहानग्या आत्माचा डावा हात जेवताना जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पाठीमागे बांधायचे. "बांधलाय हे तो विसरायचा बघ, आणि पाटावरून कलंडायचा. आम्ही पोरं हसायचो." आत्या तेव्हाही हसली होती. सुरुचीने ते घरी येऊन कोणाला सांगितलं नाही. बाबा उजव्या हाताने लिहीत, जेवत, पूजा करत. हातातून काही निसटलं की मात्र ते डाव्या हाताने हवेतच झेलत, आणि तेवढ्यापुरती सुरुची दुसरीकडे बघायची. तिला वाटायचं, एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू शकतो.

"राइट," सुरुची म्हणाली.

"हाँ," बाबा म्हणाले. "राइट." आणि त्यांनी डावा हात पँटच्या खिशात घातला.

"सोच लीजिए. पहले पट्टा बनेगा, होल्स्टर आख़िर में कटेगा. काटने से पहले फ़ोन करूँगी. कटने के बाद मैं कुछ नहीं कर सकती, न आप."

परतताना एका टपरीसमोर हॉर्न वाजवून त्यांनी गाडीतच करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा मागवला. बाबा पेला धरून बसले, बराच वेळ प्यायलेच नाहीत.

"ती बाई कापायच्या आधी फोन करणार म्हणाली ना?"

"हो."

"म्हणजे तोवर बदल करता येतो."

"कशात बदल?"

"नाही, रंगाबिंगात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "गुळाचाच चांगला आहे म्हणा."

संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये तालीम झाली. शेवटच्या प्रवेशात बाबा मधोमध उभे राहिले, पाय फाकून. समोर खलनायक, म्हणजे नीलेशच. बाबांचा डावा हात आधी हलला, कोपरातून, सापासारखा. मग थबकला. मग उजवा हात खाली गेला, चाचपडला आणि त्याने लाकडी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. खोली हसून हसून लोळली.

"काका!" नीलेश ओरडला. "ही जी मध्ये थांबायची जागा आहे ना, ती किलर आहे. हात आधी इकडे, मग तिकडे. कसं सुचतं हो तुम्हाला? ठेवायचंच हे!"

"ठेवू की," बाबा म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

सुरुची मागच्या खुर्चीवर होती. हसणाऱ्यांत ती नव्हती. घरी येताना ती म्हणाली, "चांगलं झालं, बाबा." ते म्हणाले, "अजून हात बसायचाय."

तो शनिवार तिला पुढे कितीदा तरी आठवला. त्यात वेगळं असं काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी आईने उपीट केलं होतं. बाबा अंघोळ, पूजा आटोपून टेबलाशी बसले. सुरुचीसमोर पुस्तक होतं. ती सुट्टीच्या दिवशी खाताना वाचायची आणि आई दर वेळी त्यावरून बोलायची. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात बाबांचा चमचा हलला. डाव्या हातात होता.

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. वाकून आणखी खाली नेली. इतक्या वर्षांची सवय.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, हे काय? डाव्या हातानं? आत्ता पूजा करून उठलात ना?"

बाबा काहीतरी म्हणाले.

"घास संपवून बोला. काही कळत नाही."

ते पुन्हा काहीतरी म्हणाले. सुरुचीने पान उलटलं. आई आत गेली, गॅस बंद केला, चहा गाळला, कप घेऊन बाहेर आली. "घ्या," म्हणाली. "अहो, घ्या ना. उजव्या हातानं घ्या."

मग कप फुटल्याचा आवाज झाला आणि सुरुचीने वर पाहिलं. बाबांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, कोणी दुसऱ्यानेच तिथे विसरून गेल्यासारखा. ओठ एका बाजूला ओघळले होते. डाव्या हातात चमचा घट्ट धरलेला होता आणि डोळे सुरुचीवर होते.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले. शेवटचं पूर्ण ठीक कधी पाहिलं? आई म्हणाली, पूजेला बसले होते, घंटा वाजवली, मी ऐकली. त्यानंतर? नाश्त्याला आले. तेव्हा ठीक होते? आईने सुरुचीकडे पाहिलं. "ही समोरच बसली होती."

"मी वाचत होते," सुरुची म्हणाली.

"चेहरा? बोलणं? हात?"

"डाव्या हातानं खात होते."

डॉक्टरांनी मान वर केली. "एरवी लेफ्ट हँडेड आहेत का?"

सुरुचीने तोंड उघडलं. त्याआधीच आई म्हणाली, "नो, नो. राइट. ऑल वर्क राइट." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध दिलं. वेळेत दिलं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले की वेळेत देऊनही कधीकधी उपयोग होत नाही, आणि मेंदूला सूज येतेय का ते बघावं लागेल. सुरुचीने विचारलं, आम्ही आधी आणलं असतं तर? थोडं आधी? डॉक्टर दमलेले होते. "मॅडम, ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. ती त्यांच्यावर चिडूही शकली नाही, कारण ते खरंच बोलत होते.

उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. डावा हात चालू होता. आणि तो हात नाकातली नळी ओढून काढत होता.

आयसीयूत फिझा नावाची नर्स होती, हैदराबादची. तिने सुरुचीला बाजूला घेतलं. "अंकल ने ट्यूब फिर निकाल दी. हाथ बाँधना पड़ेगा, दीदी. नरम वाला पट्टा है, लगता नहीं. घरवालों की साइन चाहिए."

"एक वही हाथ तो चल रहा है," सुरुची म्हणाली.

"इसीलिए," फिझा म्हणाली.

सुरुचीने सही केली. दुसरं काय करणार? नळी नसेल तर पोटात अन्न नाही, औषध नाही. फिझाने निळा, आतून स्पंज लावलेला पट्टा बाबांच्या डाव्या मनगटाभोवती गुंडाळला आणि त्याचं टोक पलंगाच्या कठड्याला बांधलं. बाबांनी हात ओढला. पट्टा ताणला गेला. पुन्हा ओढला. मग ते एका अंगाला कलले, हाताच्या दिशेने, आणि सुरुचीला आत्याचं बोलणं आठवलं. ती बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या भेटीच्या वेळी तिने फिझाला विनवलं, मी आहे तोवर तरी सोडा. फिझाने आजूबाजूला पाहिलं आणि गाठ सोडली. "पर पकड़ के रखिए हाँ. छोड़ना मत."

सुरुचीने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उबदार होता, जोरकस. आधी तिच्या बोटांवरून तो फिरला, काहीतरी शोधत असल्यासारखा. मग हळूहळू नाकाकडे जायला लागला. तिने थोपवला. "बाबा, नको." तो थांबेना. तिने दोन्ही हातांनी दाबला, मग कोपराने, मग अंगाचा भार टाकून. बाबा तिच्याकडे बघत होते. राग नव्हता त्या नजरेत. शनिवारी दुकानात टेबलापाशी पाहिलं होतं, तसेच बघत होते.

"फिझा," सुरुचीने हाक मारली. "बाँध दीजिए."

नीलेशचा फोन आला. शो पुढे ढकललाय, काका उठून आले की मगच. "घाई नाही. मी सगळ्यांना सांगितलंय, शेरीफ एकच. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात." सुरुची "हो" म्हणाली. त्याला पुढच्या महिन्याचं काही सांगावं असं तिला वाटलं नाही.

आणि त्याच दुपारी ती व्हेंडिंग मशीनपाशी उभी असताना खैरुन्निसाचा फोन आला.

"हाँ बेटा, चाचाजी का पट्टा तैयार है. बेल ऐसी बनी है कि देखते रह जाएँगे. अब होल्स्टर काट रही हूँ. राइट ही है ना?"

सुरुचीने मशीनमध्ये टाकायला काढलेलं नाणं परत पर्समध्ये टाकलं.

"हैलो? राइट?"

"लेफ्ट," सुरुची म्हणाली.

"आपने तो राइट बोला था."

"मैंने ग़लत बोला था. वो लेफ्ट से निकालते हैं."

"तो उस दिन बोलना था ना! पट्टे पे जगह भी उलटी तरफ़ रखी है मैंने, अब सरकानी पड़ेगी. ऐसा कीजिए, उनको ले आइए, एक बार कमर पे रख के देख लें."

"वो नहीं आ सकते. अस्पताल में हैं."

पलीकडे कातरीसारखं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खैरुन्निसाचा भोंग्यासारखा आवाज खाली उतरला. "अल्लाह शिफ़ा दे. लेफ्ट काटती हूँ. आज ही काटती हूँ."

सुरुचीने फोन ठेवला. आपण आता एक निर्णय घेतला, असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच कळलं की त्याने जगात कुठेच काही हललेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शारजाला जाऊन पट्टा घेऊन आली. खैरुन्निसाने तो कापडात बांधून दिला होता आणि मांडीची वादी नीट गुंडाळून ठेवली होती. सुरुचीचा चेहरा पाहून तिने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तेलकट होता.

घरी सुरुचीने पट्टा जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाबांच्या खुर्चीवर. आई देव्हाऱ्यापुढून उठून आली. चामडं खाली काढ, असं म्हणेल अशी सुरुचीने तयारी ठेवली होती. आई जवळ आली. तिने काठावरच्या वेलीवरून बोट फिरवलं, गोळ्यांची रिकामी घरं चाचपली, मग होल्स्टरच्या तोंडात बोटं घालून पाहिली. ते कुठल्या अंगाला शिवलंय हे कळायला तिला वेळ लागला नाही.

"डाव्या बाजूला आहे," ती म्हणाली.

"हो."

"हरकत नाही," आई म्हणाली आणि पदर खोचून आत गेली. मग आतून तिचा आवाज आला. "माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत भीती वाटायची, हा कुठेतरी चारचौघांत प्रसादाला डावा हात पुढे करील. जाताना मला सांगून गेले, लक्ष ठेव. म्हणून मी लक्ष ठेवत होते."

नळ सुटल्याचा आवाज आला, भांडी घासायची नसतानाही.

संध्याकाळी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. सूज वाढली होती. डॉक्टरांनी दोघींना बसवून सांगितलं. आवाज सौम्य होता, शब्द नेमके होते. काय करता येईल या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दोनदा दिलं, आणि दोन्ही वेळा ते एकच होतं. तुम्ही हवं तेवढा वेळ थांबा, असं म्हणाले. भेटीच्या वेळा आता लागू नव्हत्या.

सुरुची पट्टा पिशवीत घालून घेऊन आली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. आईने तुळशीची पानं ओल्या रुमालात आणली होती.

आत मशीनचा एकसारखा आवाज चालू होता. बाबा उताणे होते, सरळ, कुठल्याही अंगाला न कललेले. सुरुचीने आधी मनगट पाहिलं. निळा पट्टा नव्हता. कठडा रिकामा होता. बाबा सुधारताहेत, असं तिला क्षणभर वाटलं.

"हाथ खोल दिया?" तिने विचारलं.

फिझाने नजर चुकवली. "दोपहर में निकाल दिया, दीदी. अब ज़रूरत नहीं है."

डावा हात चादरीवर मोकळा पडला होता. सुरुचीने उचलला, तर जसा उचलावा तसा उचलला गेला. सोडला, तर जसा सोडावा तसा पडला.

आई नेहमीसारखी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिने रुमाल उघडला, एक पान त्यांच्या ओठांवर ठेवलं. दुसरं पान उजव्या तळहातावर ठेवायला म्हणून ती वाकली, आणि तिथेच थांबली. मग तिने पलंगावरून हात लांब करून ते पान सुरुचीपुढे धरलं.

"तिकडच्या हातात दे," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

सुरुचीने पान बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मग पिशवीतून पट्टा काढला. फिझा पुढे झाली, "ये क्या है?" म्हणाली, आणि "उनका है" एवढं ऐकून मागे सरली. पट्टा जड होता. सुरुचीने तो चादरीवर त्यांच्या अंगाशी लावून ठेवला आणि त्यांचा हात उचलून होल्स्टरच्या तोंडावर आणला. त्यात रिव्हॉल्व्हर नव्हतं. ते घरी पंचात गुंडाळलेलं होतं, ते आणायचं तिला सुचलं नव्हतं. बोटं तिने एकेक करून वळवली. ती पुन्हा सरळ झाली. तिने पुन्हा वळवली आणि वरून आपला हात ठेवला.

आई बघत होती. फिझा मशीनकडे तोंड करून उभी होती. सुरुची वाकली. कानात कुजबुजायचं असं तिने ठरवलं होतं, पण मग ती सरळ झाली आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाबा, तुम्ही डावखुरे आहात. मला माहीत आहे. फुजैऱ्याला समुद्रावर मी मागे उभी होते, मी पाहिलं होतं. वारा उलटा नव्हता. डाव्या हातानं काढा, बाबा. डाव्या हातानंच काढा."